हाकोनेची हिमित्सु-बाको: दोघांनी मिळून पेटी कशी उघडायची

जपानमधल्या हाकोनेच्या डोंगराळ भागात बनणारी हिमित्सु-बाको ही पेटी बाहेरून पाहिली तर तिला कुलूप नाही, किल्ली नाही, बिजागरी नाही. झाकण कुठल्या बाजूला आहे तेही कळत नाही. बाजूंच्या फळ्या ठरावीक क्रमाने थोड्या थोड्या सरकवत गेलं की शेवटी वरची फळी मोकळी होते आणि पेटी उघडते. प्रत्येक सरकण्याला ‘चाल’ म्हणू.

एकट्याने ही पेटी उघडता येते, पण त्यात एक अडचण हमखास येते. दोन्ही हात पेटीत गुंतलेले असतात, त्यामुळे काही लिहून ठेवता येत नाही, आणि सातव्या-आठव्या चालीनंतर आपण कुठून आलो हेच आठवत नाही. दोघं असले की एकाचे हात आणि दुसऱ्याची वही अशी वाटणी करता येते. एवढ्या एका गोष्टीने पेटी बरीच लवकर उघडते, आणि फळी हलली की दोघांच्या तोंडून एकदमच ‘हलली!’ निघतं, ती मजा एकट्याला मिळत नाही.

पेटी निवडताना

या पेट्यांचं माप ‘सुन’ या जुन्या जपानी एककात सांगतात. १ सुन म्हणजे साधारण ३.०३ सेंटीमीटर. ५ सुनची पेटी लांबीला १५ सेंटीमीटरच्या आसपास भरते. दोघांसाठी हेच माप बरं. २ किंवा ३ सुनची पेटी दिसायला गोंडस असते, पण तिच्यावर एकाच माणसाची बोटं मावतात आणि शेजारच्याला फक्त त्याच्या हाताची पाठ दिसते.

दुसरा आकडा चालींचा. ४, ७, १०, १२, १४, २१, २७ अशा चालींच्या पेट्या सहज मिळतात, ५० किंवा १०० चालींच्या पुढच्याही बनतात. दोघंही नवे असाल तर १० चालींची घ्या. ४ चालींची पेटी उघडेपर्यंत वहीची गरजच पडत नाही, आणि २१ चालींची पहिल्याच बैठकीत हाती घेतली तर एक जण कंटाळून मोबाइल बघायला लागतो.

बाहेरची नक्षी योसेगीची असते. वेगवेगळ्या नैसर्गिक रंगांच्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून एक ठोकळा तयार करतात आणि रंध्याने त्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा काढून तो पेटीवर चिकटवतात. पांढऱ्या रंगासाठी मिझुकी, हिरवटसाठी होओ, पिवळ्यासाठी निगाकी अशी लाकडं वापरतात, त्यावर रंग चढवलेला नसतो. हे काम हाकोनेतल्या हाताजुकु गावातल्या इशिकावा निहेई या कारागिराने एदो काळाच्या (१६०३–१८६८) अखेरीस सुरू केलं असं मानतात. एदो (आजचं टोकियो) ते क्योतो हा तोकाइदो रस्ता तिथूनच जात असे, वाटसरू या वस्तू आठवण म्हणून विकत घेत. १९८४ साली हाकोने योसेगीला जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. हा इतिहास इथे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे: पापुद्रा फार पातळ असतो, म्हणून पेटीला नख लावू नका, चिकटपट्टी लावू नका, हे मनावर घ्या. एकदा निघालेला पापुद्रा घरी नीट बसत नाही.

नव्या पेटीबरोबर उत्तराचा छापील कागद येतो. पेटी हातात घेण्याआधी तिसऱ्या कुणालातरी तो काढून ठेवायला सांगा. दोघांपैकी एकाने जरी तो ओझरता पाहिला, तरी मग तो नकळत योग्य फळीकडेच बघत बसतो आणि दुसऱ्याला ते कळतं.

आत काय असतं

मधे एक साधी खोकी असते आणि तिच्या सहा बाजूंवर सरकत्या फळ्या बसवलेल्या असतात. फळीच्या कडेला बारीक जीभ असते, ती शेजारच्या भागातल्या खोबणीत फिरते. म्हणून कुठलीही फळी एकाच रेषेत जाऊ शकते, पुढे किंवा मागे. नेहमीच्या रचनेत आखूड बाजूंच्या फळ्या वर-खाली सरकतात आणि लांब फळ्या लांबीच्या दिशेने. काही फळ्या कधीच हलत नाहीत.

समजा उजव्या आखूड बाजूची फळी ३ मिलिमीटर खाली गेली. आता तिच्या वरच्या काठावर ३ मिलिमीटरची जागा रिकामी झाली, म्हणून वरची फळी थोडी उजवीकडे येऊ शकते. वरची फळी उजवीकडे आली की डाव्या टोकाला जागा झाली, आणि डाव्या बाजूच्या फळीची अडकलेली जीभ सुटली. असं एकाने दुसऱ्याला वाट करून देत जायचं. हे एकदा डोक्यात बसलं की शोध खूप आखडता येतो, तो कसा ते खाली आहे.

बसण्याची तयारी

टेबलावर जाड सुती फडकं किंवा घडी केलेला टॉवेल अंथरा. त्यावर एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या चार बाजूंना मोठ्या अक्षरांत ‘पु’, ‘मा’, ‘डा’, ‘उ’ लिहा: पुढची, मागची, डावी, उजवी. वरची फळी ‘व’, खालची ‘खा’. पेटी या कागदावर ठेवून, नक्षीतली एक खूण दोघांनी मिळून ठरवा. उदाहरणार्थ, ज्या कोपऱ्यात काळी पट्टी तुटक दिसते तो कोपरा नेहमी पुढे डावीकडे. पेटी उचलून कितीही फिरवली तरी परत ठेवताना ती खूण त्याच जागी यायला हवी. दिशा हरवणं ही दोघांच्या बैठकीतली सगळ्यात मोठी गडबड आहे. समोरासमोर बसलात तर एकाचं डावं दुसऱ्याचं उजवं होतं. म्हणून शेजारी-शेजारी बसा.

पेटीवर अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवायचा मोह होतो. चिकटपट्टी काढताना पापुद्रा तिच्याबरोबर येऊ शकतो, कागदावरच लिहा.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. घामेजले हात लाकडाला ओल देतात, आणि फार कोरडी बोटं गुळगुळीत फळीवरून नुसती घसरतात. बोटं घसरत असतील तर बँकेत नोटा मोजताना अंगठ्यावर चढवतात ती रबरी टोपी वापरा. जोर न लावता पकड येते. उजेड वरून असण्यापेक्षा एका बाजूने असू दे. तिरक्या उजेडात अर्धा मिलिमीटर सरकलेली फळीसुद्धा सावलीच्या रेघेने कळते. वहीवाल्याकडे पेन्सिल, खोडरबर आणि छोटी मोजपट्टी.

पहिली चाल शोधताना

सहा फळ्या, प्रत्येकीच्या दोन दिशा, म्हणजे एकूण १२ तपासण्या. वहीत १२ चौकोन आखा आणि हातवाल्याने एकेक करून बघावं तसतशी वहीवाल्याने खूण करावी. क्रम ठरलेला असू दे: आधी दोन्ही आखूड बाजू, मग लांब बाजू, मग वर-खाली. बहुतेक पेट्यांत पहिली चाल आखूड बाजूलाच निघते.

ढकलायचं कसं, यावर सगळं अवलंबून आहे. अंगठ्याचा मऊ भाग फळीच्या बरोबर मध्यावर सपाट टेकवा, अगदी हलकं दाबा आणि हव्या त्या दिशेला सावकाश ओढा. कोपऱ्यावर जोर दिला तर फळी खोबणीत तिरकी बसते आणि जुन्या कपाटाचा खण एका कानाला ओढल्यावर जसा अडतो तशी अडते. मग जी चाल बरोबर होती तीच ‘नाही’ म्हणून वहीत जाते, आणि पुढचा अर्धा तास वाया जातो.

तशीच दुसरी चूक पकडीची. नवा माणूस पेटी घट्ट आवळून धरतो. वरून आणि खालून आवळलं की फळ्या आतल्या खोकीवर दाबल्या जातात आणि हलायची फळी हलत नाही. इथे दुसऱ्याचे हात उपयोगी पडतात. वही क्षणभर बाजूला ठेवून त्याने पेटी समोरासमोरच्या दोन उभ्या कोपऱ्यांवर बोटांच्या टोकांनी धरावी आणि पहिल्याने फक्त ढकलावं. एकमेकांचा जोर बोटांत कळतो. ‘अरे, तू दाबतोयस’ असं सांगता येतं, आणि तेच खूपदा पुरतं.

किती जोर? एका करंगळीने जड पुस्तक टेबलावर ढकलायला लागतो त्याच्याहून जास्त कधीच नाही. त्याहून जास्त लागला तर दिशा चुकली आहे, आधीची चाल अर्धवट आहे, किंवा हवा दमट आहे.

१२ चौकोन भरले आणि काहीच हललं नाही, तर हात बदला. वही धरणाऱ्याने पेटी घ्यावी आणि तोच क्रम पुन्हा करावा. दोन माणसांचा अंगठा सारख्या जागी, सारख्या जोराने पडत नाही. एकाला न सापडलेली पहिली चाल दुसऱ्याला सापडते ती याच कारणाने.

दुसऱ्या चालीपासून पुढे

एक फळी हलली की तिला थांबा लागेपर्यंत न्या. थांबा लागल्याची बारीक ‘टक्’ बोटांना कळते, कधी ऐकूही येते. अर्धा मिलिमीटर कमी राहिला तरी पुढची फळी सुटत नाही. अडकलेल्या पेट्यांपैकी खूप पेट्या याच एका कारणाने अडकलेल्या असतात.

आता पुन्हा १२ तपासण्या करायच्या नाहीत. जी फळी हलली तिला चारच फळ्या चिकटून आहेत, समोरची फळी तिला लागतच नाही. म्हणून आधी चार शेजारणी बघा. उजवी हलली असेल तर वरची, खालची, पुढची, मागची. त्यातही लांबीच्या दिशेने जाणाऱ्या वरच्या-खालच्या आधी. त्या नाहीच हलल्या तर हलवलेली फळी अजून पुढे जाते का ते बघा, काही पेट्यांत तिला दोन टप्पे असतात.

वहीत नोंद अशी करा. हा नुसता नमुना आहे, कुठल्या ठरावीक पेटीचं उत्तर नाही:

१. उ – खाली – ३ मिमी
२. व – उजवीकडे – ३ मिमी
३. डा – वर – ३ मिमी
४. खा – डावीकडे – ३ मिमी
५. उ – खाली – आणखी ३ मिमी
६. व – उजवीकडे – पूर्ण

मिलिमीटर लिहायचा कंटाळा करू नका. पाचव्या चालीत उजवी फळी दुसऱ्यांदा हलली हे आकड्यानेच कळतं. शिवाय फळी अर्धवट राहिली असेल तर ३ च्या जागी २ लिहिलेलं दिसतं आणि तिथेच चूक सापडते.

कधी दोन फळ्या एकाच वेळी मोकळ्या असतात आणि त्यांतली एक फसवी असते. ती हलते, पण तिच्यामुळे काहीच सुटत नाही, उलट खरी वाट बंद होते. म्हणून दोन पर्याय दिसले की वहीवाल्याने त्या ओळीला चांदणी काढावी आणि न घेतलेला पर्याय शेजारी लिहावा. पुढे गाडी अडली तर थेट शेवटच्या चांदणीपर्यंत मागे यायचं. मागे येतानाही प्रत्येक चाल उलट्या क्रमाने आणि पूर्ण. मधली एखादी चाल गाळून मागे आलं की पेटी अशा अवस्थेत अडकते जी वहीत कुठेच नाही.

हात कधी बदलायचे

प्रत्येक नवी चाल सापडली की पेटी दुसऱ्याकडे. चाल सापडत नसेल तर दहा मिनिटांनी बदला. हा नियम सुरुवातीलाच ठरवून घ्या, नाहीतर ज्याच्या हातात पेटी असते त्याला ती सोडवत नाही, आणि शेजारचा मान वाकडी करून बघत राहतो.

वहीवाल्याचं काम कारकुनी समजू नये. हातवाल्याला बोटांखालची एकच फळी दिसते. वहीवाल्याला अख्ख्या पेटीची हालचाल दिसते: ‘डावी दोनदा वर गेली, उजवी एकदाच खाली, मग अजून एकदा जात असेल का?’ अवघड चाली बहुधा अशाच प्रश्नांतून सुटतात. प्रश्न विचारावा, हात घालू नये. मित्राच्या हातातून पेटी ओढून घेऊन ‘बघ, अशी’ करणं हा या खेळातला सगळ्यात वाईट अपराध आहे. त्याच्या वाटची चाल एकदा गेली की ती परत देता येत नाही.

एकाला उत्तर आधीच माहीत असेल तर त्याने फक्त वही धरावी आणि मागितल्याशिवाय बोलू नये. मागितलं तर मदत तीन पायऱ्यांत करावी. आधी इतकंच: ‘कुठल्या बाजूला तुझा हात बराच वेळ गेला नाही?’ त्याने नाही जमलं तर दोन फळ्या सांगाव्यात, त्यांतली कुठली ते त्याने शोधावं. फळी आणि दिशा दोन्ही सांगणं ही अगदी शेवटची पायरी, तीही एका बैठकीत एकदाच.

२० चालींच्या पुढे

इथे दिशांची यादी पुरत नाही. लांब पेट्यांत त्याच चार-पाच फळ्या पुन्हा पुन्हा पुढे-मागे होतात आणि यादीत एकसारख्या ओळी येत राहतात. अशा वेळी चाल लिहिण्याऐवजी पेटीची अवस्था लिहा. प्रत्येक फळी मूळ जागी असताना ०, एक टप्पा सरकली की १, दोन टप्पे २. मग ओळ अशी दिसेल: उ१ व१ डा० खा०. पुढची: उ१ व१ डा१ खा०. एकच ओळ वहीत दुसऱ्यांदा आली तर तुम्ही फिरून तिथेच आलात हे लगेच कळतं. दहा-बारा ओळींनंतर आकड्यांत एक ठेका दिसायला लागतो: एक फळी दर दुसऱ्या चालीला, दुसरी त्याहून क्वचित. ठेका सापडला की पुढच्या चाली बोटांनी शोधाव्या लागत नाहीत, वहीवरून सांगता येतात. हा क्षण दोघांनी मिळून अनुभवावा असा आहे. एक जण वाचतो, दुसरा सरकवतो, आणि फळ्या एकामागून एक ऐकत जातात.

जपानी कारागीर हिरोशी इवाहारा यांच्या ‘सुपर क्युबी’ या पेटीला ३२४ चाली लागतात, आणि तिची रचना अशाच ठेक्यावर उभी आहे. इवाहारा ज्या ‘काराकुरी क्रिएशन ग्रुप’ या पेटी-कारागिरांच्या गटात काम करतात तो १९९९ साली अकिओ कामेई यांच्या पुढाकाराने सुरू झाला. या गटाच्या इतर पेट्यांत नुसतं सरकवणं नसतं. पेटी कलती केल्यावर आतली खीळ पडते, किंवा लोहचुंबकाने सुटते, किंवा भाग फिरवावा लागतो. अशी पेटी असल्याचा संशय आला तर ती कानाजवळ धरून सावकाश एकेका बाजूला कलवा. काही घरंगळल्याचा आवाज आला तर तो कुठल्या कडेला थांबतो ते लिहा. आपटणं, जोराने हलवणं कधीही नाही.

अडली तर

महाराष्ट्रातल्या, विशेषतः मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पेटी अडणं साहजिक आहे. दमट हवेत लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. फळी रुंद होते आणि खोबणीत आवळते. अशा दिवसांत जोर लावला तर जीभ मोडते. पेटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांबरोबर दोन-तीन दिवस ठेवा, पुड्या पेटीला टेकणार नाहीत अशा. रोज एकदा बघा, फळी मोकळी झाली की बाहेर काढा. ऊन, हेअर ड्रायर, ओव्हन यांनी लाकूड एका अंगाने पटकन सुकतं आणि पापुद्रा सुटतो. तेल घालू नका. ते लाकडात मुरतं, डाग पडतात, धूळ धरतं. फारच घर्षण वाटलं तर पेटी उघडल्यावर, जीभेच्या साध्या लाकडी कडेवर पांढरी मेणबत्ती एकदाच हलकी फिरवा, नक्षीला लागू न देता. अमेरिकेत किंवा युरोपात हिवाळ्यात हीटर चालू असताना उलटं होतं: फळ्या सैल होतात, पेटी कलती केली की आपोआप सरकतात आणि अवस्था बिघडते. तिथे पेटी टेबलावर सपाट ठेवूनच खेळा, आणि हीटरपासून लांब.

बंद करताना

वही खालून वर वाचायची आणि प्रत्येक दिशा उलटी करायची. ‘खाली’ असेल तिथे ‘वर’, ‘उजवीकडे’ असेल तिथे ‘डावीकडे’. उघडताना ज्याने शेवटची चाल केली त्याने वाचावं आणि दुसऱ्याने बंद करावं. प्रत्येक फळी काठाशी समतल झाली का ते बोटाच्या पेराने बघा. एक जरी किंचित बाहेर राहिली तरी पुढची बसत नाही.

पहिल्यांदा बंद करण्याआधी आतला तळ आणि बाजू बघून घ्या, काही पेट्यांत आणखी एक लपवलेला खण असतो. आतली खोली आणि बाहेरची उंची मोजपट्टीने मोजा. दोहोंतला फरक वरची फळी, खालची फळी आणि आतल्या खोकीचा तळ यांच्या जाडीपेक्षा बराच जास्त असेल तर खाली काहीतरी आहे.

आत काही ठेवायचं असेल तर ते वरच्या फळीच्या वाटेच्या खाली राहील इतकं बुटकं हवं. घडी केलेला कागद सगळ्यात त्रासदायक, त्याची घडी उकलते आणि कड खोबणीत शिरते. चिठ्ठी ठेवायची तर ती छोट्या डबीत किंवा पाकिटात घालून ठेवा.

मग एकाने दुसऱ्यासाठी चिठ्ठी ठेवून पेटी बंद करावी, ती आडवी अर्धी फिरवून त्याच्या हातात द्यावी, आणि वही उलटी ठेवावी. दिशेची खूण आता चुकीच्या बाजूला आहे, म्हणून पाठ केलेली यादी उपयोगी पडत नाही. फळ्या पुन्हा बोटांनीच ओळखाव्या लागतात. १० चालींची पेटी दोघांनाही अशी उघडता आली की मगच २१ चालींची घ्या.